पूर्ण संच आणि सातवा पदार्थ

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांच्या सहा पदार्थांपर्यंत आलो होतो. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. सातवा राहिला, तो अभाव. सभागृहातून बाहेर पडताना एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "सर, जे नाहीच त्याला पदार्थ कसं म्हणायचं? नाही म्हणजे नाही, संपलं की हो!" प्रश्न रास्त आहे. कणादांच्या मूळ यादीतही सहाच पदार्थ आहेत. सातवा नंतरच्या आचार्यांनी धरला. तो का धरावा लागला, हे आज आम्ही एका डब्याच्या आधाराने सांगणार आहोत. त्या डब्यात टॉम आणि जेरी आहेत. हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मांजर-उंदरावर बोलावं यात गैर काही नाही. आमच्या शास्त्रकारांनी आयुष्यभर एका मातीच्या घड्यावर चर्चा केली.

2017 च्या मे महिन्यात आमची मुलगी अमेरिकेहून सोलापुरात आली. सोबत सहा-सात वर्षांचा नातू आणि सामानात डीव्हीडींचे तीन संच. ही चित्रमालिका विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने 1940 ते 1958 या काळात एमजीएम या चित्रसंस्थेसाठी केली. एकंदर 114 लघुपट. ते दूरचित्रवाणीसाठी नव्हे, चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवण्यासाठी केलेले. त्यांतल्या सात लघुपटांना ऑस्कर मिळालं. पुढे हीच मालिका दुसऱ्यांनी चालवली. जीन डाइच यांनी प्रागमध्ये 13 केले, चक जोन्स यांनी 34. पण जाणकार 'टॉम आणि जेरी' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पहिले 114 असतात. आमच्या मुलीने आणलेले तीन संच 2004, 2005 आणि 2007 या वर्षी निघालेले. तिघे मिळून पूर्ण संच, अशी तिची समजूत होती.

पहिली गंमत म्हणजे डबा पूर्ण, पण आमच्या यंत्रावर चालेचना! डीव्हीडीला विभागांचं कुलूप असतं. अमेरिका विभाग 1, भारत विभाग 5. तिकडची तबकडी इकडचं यंत्र नाकारतं. शेवटी तिच्या लॅपटॉपवर बघायचं ठरलं. नातवाने 114 नावांची यादी समोर ठेवली आणि पेन्सिलीने एकेक नावावर खूण करायला लागला. दोन दिवसांनी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, दोन नाहीत."

आता इथे थांबा. त्या मुलाने काय पाहिलं? डब्यात 112 लघुपट होते, ते त्याने पाहिले. पण 'दोन नाहीत' हे त्याने कुठे पाहिलं? तबकडीवर त्या दोघांची रिकामी जागा सोडलेली नव्हती. यादी हातात नसती तर त्याला कळलंसुद्धा नसतं. नैयायिक म्हणतात ते हेच. अभावाचं ज्ञान व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, ज्या जागी अभाव आहे ती जागा. दुसरी, जे नाही त्याचं आधीचं ज्ञान. जे नाही, त्याला ते 'प्रतियोगी' म्हणतात. घडा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला जमिनीवर घडा नाही हे दिसणार नाही. त्याला फक्त जमीन दिसेल. हा प्रतियोगी शब्द लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

मग ते दोन गेले कुठे? 1948 चा 'माउस क्लीनिंग' आणि 1951 चा 'कॅसानोव्हा कॅट'. दोन्ही शाबूत आहेत, हरवलेले नाहीत. त्यांत चेहऱ्याला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याच्या, त्या काळी अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीचे विनोद आहेत. प्रकाशकांनी ते दोन लघुपट 2007 च्या संचात घेतलेच नाहीत. इतर तसल्या प्रसंगांसाठी दुसऱ्या संचाला व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची प्रस्तावना जोडली. हे पूर्वग्रह तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहेत, पण ते नव्हतेच असं भासवणं बरोबर नाही, असा त्या भूमिकेचा आशय. भूमिका चांगली आहे. पण मग ते दोन गाळले का? 2011 मध्ये नव्या ब्लू-रे संचाचा पहिला भाग निघाला. 2013 मध्ये दुसरा जाहीर झाला आणि त्यातही हे दोन नाहीत म्हटल्यावर रसिकांनी इतका गिल्ला केला, की तो भाग निघालाच नाही.

या अभावाला काय नाव द्यायचं? अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त अभावाचे चार प्रकार आहेत. प्रागभाव, म्हणजे वस्तू घडण्यापूर्वीचा. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू फुटल्यानंतरचा. त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. अत्यंताभाव, म्हणजे तिन्ही काळी नसणं, जसं वाऱ्यात रंग नसतो. आणि अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नव्हे. घडा म्हणजे कापड नव्हे. आमच्या नातवाच्या डब्यातले दोन लघुपट यांतल्या कोणत्या खणात बसतात? ते आहेत, पण इथे नाहीत. घडा माजघरात आहे, ओसरीवर नाही. उद्या आणून ठेवला की येईल. काही नैयायिक याला वेगळा, सामयिक म्हणजे तेवढ्यापुरता अभाव म्हणतात, काही अत्यंताभावातच घालतात. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला एवढंच पुरे, की 'नाही' आणि 'इथे नाही' यांत अंतर आहे.

हे अंतर न कळल्याने आमच्याच घरात काय घडलं ते सांगतो. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं. आठवतं ना? त्या मालिकेचा प्रवासही बघण्यासारखा आहे. लेखक रडयार्ड किपलिंग, जन्म 1865, मुंबई; वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. पुस्तक 1894 चं. त्यातला मोगली वाढतो शिवनीच्या जंगलात, म्हणजे आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला. त्यावर 52 भागांची चित्रमालिका केली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने, 1989-90 मध्ये. ती आपल्याकडे आली हिंदी बोलत. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानाच्या तोंडी आवाज नाना पाटेकरांचा! जपानी चित्रातला तो वाघ आमच्या गल्लीतल्या पोरांना ओळखीचा वाटला तो त्या आवाजामुळे.

आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिने हट्टाने एका व्हिडिओ कॅसेटवर काही भाग टिपून ठेवले होते. कॅसेटवर तिच्या अक्षरात 'मोगली' असं लिहिलेलं. पुढच्या वर्षी एका शिबिरात आमचं सप्तपदार्थांवर व्याख्यान होतं. त्याचं चित्रण करून ठेवावं अशी आम्हाला हौस. कोरी कॅसेट मिळाली नाही, आम्ही घरातली उचलली. मोगलीवर आम्ही स्वतःला छापलं. त्यातही दैवाची थट्टा बघा, सहा पदार्थ होईपर्यंत कॅसेट संपली. अभाव तिच्यावर आलाच नाही, आणि मुलीच्या घरी मात्र तोच तेवढा उरला. ती आमच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही शेरखान पुसला." आम्ही तेव्हा तिला काय सांगितलं असेल? 'अगं, लागेल परत कधीतरी.' हे आमचं तत्त्वज्ञान!

ते व्याख्यान आम्ही पुन्हा कधी पाहिलं नाही. दुसऱ्या कुणी पाहिलं असेल असंही वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, त्यात एवढं काय? मालिकेचे 52 भाग जपानात आहेत, इतर भाषांतल्या प्रतीही आहेत, चित्र तेच. इथे अन्योन्याभाव कामाला येतो. हे ते नव्हे. इंग्रजी बोलणारा मोगली हा आमच्या मुलीचा मोगली नव्हे. टॉम आणि जेरीतच याचं कडवट उदाहरण आहे. त्यात घरकाम करणारी एक कृष्णवर्णीय बाई आहे. बहुतेक वेळा तिचे पायच दिसतात. तिचा मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा. 1960 च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही लघुपटांत ती बाई काढून तिच्या जागी सडपातळ गोरी बाई रंगवली आणि तिला आवाज दिला जून फोरे यांनी. 1990 च्या दशकात मूळ चित्र ठेवून आवाज तेवढा बदलला, तो थिया विडाल यांचा. अपमान टाळण्याच्या हेतूने झालं हे, पण त्यात लिलियन रँडॉल्फ यांचं कामच पुसलं गेलं. लघुपटाचं नाव एक आणि पाठ तीन. मग संख्या 114 भरली तरी संच पूर्ण झाला का? कुठला पाठ घेतला, हे विचारावंच लागेल.

पाठ म्हटलं की आम्हाला पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवतं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये संपलं. शेकडो हस्तलिखितं पडताळली गेली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी जी शिस्त घालून दिली ती आम्हाला फार मोलाची वाटते. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात ती नाही. पण म्हणून संपादकांनी ती फेकून दिली का? नाही. ती परिशिष्टात आहे. नाकारलेला श्लोक तळटिपेत, नाकारलेला प्रसंग परिशिष्टात, कुठल्या पोथीत आहे आणि कुठल्या पोथीत नाही याच्या नोंदीसह. गाळलं, पण लपवलं नाही. उद्या कुणाला संपादकांचा निर्णय चुकला असं वाटलं तर पुरावा त्याच ग्रंथात सापडतो.

व्यंगचित्रपटांच्या डब्यालाही हाच न्याय लावावा, असं आमचं म्हणणं आहे. ते दोन लघुपट लहान मुलांच्या हाती न सांगता-सवरता देऊ नयेत, हे आम्हाला मान्य आहे. आमच्या नातवाला आम्हीही ते दाखवले नसते. पण वेगळ्या तबकडीवर, मोठ्यांसाठी, काय चुकलं ते सांगून ते ठेवता येतात. तेही नको असेल तर निदान डब्यावर लिहा, की हे दोन आम्ही घेतलेले नाहीत, आणि का घेतलेले नाहीत. जो संच आपल्यात काय नाही ते प्रामाणिकपणे सांगतो, त्याला आम्ही पूर्ण म्हणू. मग तो 112 चा असला तरी चालेल.

कारण नोंद राहिली नाही तर काय होतं, हेही बघा. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाचा लघुपट केला. त्यात काड्यापेटीतल्या काड्या हलतात, नाचतात. एकेक काडी तसूभर सरकवायची आणि एकेक चित्र घ्यायचं, असलं चिकाटीचं काम. तो लघुपट आज उपलब्ध नाही. पण त्याचं नाव उरलं आहे, म्हणून तो 'नाही' असं आपण म्हणू तरी शकतो. ज्यांची नावंही उरली नाहीत, त्यांच्याबद्दल आपल्याला हळहळसुद्धा वाटत नाही. प्रतियोगी माहीत नाही, तिथे अभाव दिसत नाही.

म्हणून जिन्यातल्या त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. अभाव हा पदार्थ आहे, कारण तो जाणता येतो, आणि तो जाणण्याची जबाबदारी कुणाची तरी असते. ज्याने घडा पाहिलेला आहे, त्यानेच सांगायचं असतं की इथे घडा होता. आपल्या पिढीने दूरदर्शन पाहिलं, रेडिओ ऐकला. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील तर त्यांवर काय आहे ते आधी वहीत लिहून ठेवा. आमच्यासारखे त्यांवर स्वतःला छापू नका.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत सगळे घरात कोंडलेले असताना, दूरदर्शनने 'जंगल बुक' पुन्हा दाखवलं. आम्ही जो प्रध्वंसाभाव समजून पंचवीस वर्षं मनाला लावून घेतला होता, तो नुसता 'इथे नाही' निघाला. घडा माजघरात होता! अर्थात आमच्या कॅसेटवरची, तिच्या अक्षरातली ती प्रत गेली ती गेलीच. तिचा अभाव अनंत आहे, त्याला शास्त्रात उपाय नाही. आम्ही टीव्हीसमोर फोन धरला, दोन मिनिटं चित्रण केलं आणि मुलीला पाठवलं. तिकडे तेव्हा रात्र होती. सकाळी उत्तर आलं.

"बाबा, आता हा पुसू नका."