‘किती देते?’चा हिशेब

पुण्यातल्या वेताळ टेकडीला बरेच जण ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, ते तिथल्या वाहन संशोधन संस्थेमुळे. शोरूममधला सेल्समन छातीठोकपणे 24-25 चा आकडा सांगतो, तो अशाच एखाद्या संस्थेत निघालेला असतो. चाचणीत गाडी रस्त्यावर येतच नाही. तिची चाकं रोलरवर फिरतात, एसी बंद असतो, वाटेत ना खड्डा ना चढ. ठरलेल्या वीसेक मिनिटांत गाडी सुमारे 11 किलोमीटर ‘धावते’. सरासरी वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास, कमाल 90. आकडा खोटा नसतो, पण तो सिंहगड रोडचाही नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम. महिन्याचं बजेट त्यावर बांधलं, तर मात्र ते कोलमडणारच.

स्वतःच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काढायला जुनी रीतच बरी. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, तीन-चारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. पंपावरचा पोऱ्या ‘राउंड फिगर करू का, साहेब?’ विचारतो तेव्हा नको म्हणायचं, नाहीतर हिशेब तिथेच बिघडतो.

हा आकडा वाढवण्याचा पहिला उपाय फुकट आहे, म्हणूनच बहुधा तो कुणाला पटत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 वरून 100 वर गेलं की तो 56 टक्क्यांनी वाढतो. एक्सप्रेसवेवरच्या 60 किलोमीटरच्या सपाट पट्ट्यात त्या बदल्यात वाचतात नऊ मिनिटं, आणि फूड मॉलवर वडापावच्या रांगेत ती आरामात खर्च होतात. शहरात वेगापेक्षा ब्रेक महाग पडतो. पेट्रोल जाळून कमावलेली गती दरवेळी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत आडदांड ड्रायव्हिंगमुळे अ‍ॅव्हरेज 10 ते 40 टक्के घसरू शकतं. लांबून लाल सिग्नल दिसताच अ‍ॅक्सिलरेटर सोडणारा चालक मागच्यांच्या हॉर्नचा धनी होतो खरा, पण पैसे त्याचेच वाचतात.

ते कसे, हे पाहण्यासारखं आहे. फ्यूल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन तोडतो. इंजिन फिरत राहतं ते चाकांच्या जोरावर, त्या वेळी पेट्रोल लागत नाही. गाडी न्यूट्रलला टाकली तर इंजिन बंद पडू नये म्हणून थोडं थोडं पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे घाट उतरताना न्यूट्रल करणारा जास्त इंधन जाळतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला हा हिशेब बदलला, सवय मात्र बदलली नाही.

आणि ती जिवावर बेतते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने जवळपास 48 गाड्यांना ठोकरलं. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केल्याने ब्रेक लागले नाहीत, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं, की ब्रेक शिल्लक हवेवरच अवलंबून राहतात.

टायरची हवा, डिकीतलं वर्षभर न काढलेलं सामान, टपावरचा रिकामा कॅरिअर, यांचाही फरक पडतो; पण तो बहुधा एखाद-दुसऱ्या टक्क्याचा. हवा मात्र थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच भरावी.

फुकटचा उपाय नको असेल त्याच्यासाठी बाजार सज्ज आहेच. पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून हायड्रोजन काढणारं किट. त्या किटला वीज मिळते ती गाडीच्याच अल्टरनेटरमधून, म्हणजे पेट्रोलमधूनच, आणि त्या सगळ्या प्रवासात ऊर्जा घटतच जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असली सुमारे शंभर साधनं तपासली. उपयोगी निघाली ती मोजकीच, आणि त्यांचाही फायदा किरकोळ. आपल्याकडे 1996 मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लईने वनस्पतीपासून पेट्रोल केल्याचा दावा करून देश हलवला होता. ते नाफ्था आणि टोल्युइनचं मिश्रण असल्याचं सीबीआयने सांगितलं, आणि 2016 मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली.

इंधन बदलणं हा खरा पर्याय, पण तिथेही हिशेब हवा. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते, म्हणून ‘किलोला 34’ ऐकून हुरळू नये. समजा, सीएनजी मॉडेल 90 हजारांनी महाग आहे. प्रत्यक्षात पेट्रोलवर 17 आणि सीएनजीवर 24 मिळतात, भाव अनुक्रमे 104 आणि 90 रुपये. किलोमीटरमागे साधारण 2 रुपये 35 पैसे वाचतात आणि वाढीव पैसे सुटायला 38 हजार किलोमीटर लागतात. रोज 150 किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीवाल्याचे ते साडेआठ महिन्यांत सुटतात. महिन्याला 600 किलोमीटर चालवणाऱ्या नोकरदाराला पाच वर्षं उलटून जातात, शिवाय डिकी सिलिंडरने व्यापलेली.

साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात इथेनॉलबद्दल जिव्हाळा असणं स्वाभाविक आहे. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या धाटणीच्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं आहे. स्ट्राँग हायब्रिडचं बलस्थान उलट रहदारीत दिसतं, कारण ब्रेकमधली बरीचशी ऊर्जा ती बॅटरीत परत घेते. रोज एक्सप्रेसवेवरच धावणाऱ्याला तिचा तेवढा लाभ नाही.

राहिला भागाकाराचा चकवा. 18 देणारी गाडी विकून 24 देणारी घेतली, तर 100 किलोमीटरला 1.4 लिटर वाचतं. 9 देणारी जुनी एसयूव्ही काढून 12 देणारी आणली, तर 2.8 लिटर. सहाची वाढ तिनाच्या वाढीपेक्षा मोठी वाटते, वाचतं मात्र निम्मंच. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकी अभ्यासकांनी हा घोटाळा 2008 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिला. दारात दोन गाड्या असतील आणि दोन्हींचं रनिंग सारखं असेल, तर आधी बदलायची ती 9 वाली.