नातवंड, विणकाम आणि वाचन : आजीचा अंगठा का दुखतो?

दिवाळी झाली की नागपूरकडची थंडी जाणवू लागते. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली जातो. घरात लहान बाळ असेल तर लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. समजा, कन्हानला राहणाऱ्या ६२ वर्षांच्या एक आजी आहेत. आजोबा वेकोलिच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. मुलगा आणि सून सकाळी नागपूरला कामावर जातात आणि संध्याकाळी परततात. दिवसभर आठ महिन्यांचा नातू आजींकडे असतो. तो झोपला की त्या स्वेटर विणतात आणि दुपारी थोडे वाचतात.

महिनाभरात त्यांच्या उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला, कळ येऊ लागते. दुधाच्या बाटलीचे झाकण फिरवताना, लंगोट पिळताना, बाळाला उचलताना ती जास्त होते. घरचे म्हणतात, "विणणे बंद करा." आजी सुया ठेवून देतात, पण दुखणे तसेच राहते, कारण बाळ उचलणे थांबलेले नसते.

तुमच्या घरी असेच चालले असेल, तर हे दुखणे नेमके काय आहे आणि आवडीची कामे न सोडता त्यावर काय करता येते, ते समजून घेऊ.

हा त्रास कशामुळे होतो?

अंगठा बाजूला ताणणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या स्नायूंच्या दोन दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. अंगठा ताणून मनगट पुन्हा पुन्हा वाकवले की या बोगद्याचे आवरण जाड होते. मग दोऱ्या आत सहज सरकत नाहीत आणि प्रत्येक हालचालीला कळ येते. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला 'डी क्वेरव्हेन' असे म्हणतात.

हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. मधुमेह असेल तर शक्यता वाढते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आईलाही तो होतो. त्यामुळे सासू आणि सून दोघींचेही मनगट एकाच वेळी दुखू शकते.

आता दिवसभरातल्या कामांकडे पाहा. बाळाला काखेत हात घालून उचलताना दोन्ही अंगठे ताणलेले असतात आणि सगळे वजन मनगटाच्या बाजूवर येते. विणताना अंगठा सुईवर दाबलेला असतो. जाड पुस्तक एका हातात धरले किंवा मोबाईलवर अंगठ्याने सरकवत वाचले, तरी त्याच दोऱ्या काम करतात. म्हणजे आजी काम बदलतात, पण अंगठ्याला सुट्टी मिळत नाही.

यात सर्वांत जड काम बाळ उचलण्याचे आहे. जन्माच्या वेळी साधारण ३ किलोचे बाळ वर्षाचे होईपर्यंत ९ किलोच्या आसपास जाते. हे वजन दिवसातून कितीतरी वेळा उचलले जाते. म्हणून विणकाम बंद करण्याआधी उचलण्याची पद्धत बदला.

घरी कसे ओळखाल?

- मनगटावर अंगठ्याच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा असतो, तिथे दाबल्यावर दुखते. कधी थोडी सूजही दिसते.
- कपडे पिळताना, झाकण फिरवताना, कढई उचलताना कळ अंगठ्याकडे किंवा कोपराकडे जाते.
- अंगठा मुठीत हलकेच धरून मनगट सावकाश करंगळीकडे झुकवले की त्या उंचवट्यावर तीव्र कळ येते. हे एकदाच आणि हळू करून पाहा. पुन्हा पुन्हा करून दुखणे वाढवू नका.

हाताचे प्रत्येक दुखणे हेच असते असे नाही. अंगठ्याच्या अगदी मुळाशी, तळहाताजवळ दुखत असेल आणि चिमटीत जोर लावताना त्रास होत असेल, तर तिथल्या सांध्याची झीज असू शकते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात झटकावा लागत असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. बोट वाकवल्यावर अडकून 'टक्' करून उघडत असेल, तर तो आणखी वेगळा आजार. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून तपासणी महत्त्वाची.

बाळाला कसे उचलायचे?

काखेत हात घालून, अंगठे पसरून उचलू नका. एक तळवा बाळाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा पाठीमागे ठेवा. लहान बाळ असेल तर मानेलाही आधार द्या. अंगठा बोटांना जवळ ठेवा, मनगट सरळ ठेवा, बाळाला छातीशी घ्या आणि मग उठा. वजन बोटांवर नको, हाताच्या पुढच्या भागावर आणि दंडावर येऊ द्या.

- दर वेळी जमिनीवरून उचलण्याऐवजी आधी तुम्ही खाली बसा, बाळाला मांडीवर घ्या. गुडघे दुखत असतील तर पलंगावर बसून बाळ दुसऱ्याकडून मांडीवर घ्या.
- दूध पाजताना हाताखाली उशी ठेवा. बाळाचे डोके मनगटावर न पेलता कोपराजवळ टेकवा.
- रांगणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या बाळाला तुमच्यापर्यंत येऊ द्या. त्याचाही व्यायाम होतो.
- लंगोट आणि दुपटी पिळण्याचे काम दुसऱ्यांकडे द्या. अंघोळीआधीचे मालिशही काही दिवस दुसऱ्या कोणी करावे.

हातात कळ आली की पकड अचानक सुटू शकते. दुखणाऱ्या हाताने बाळ घेऊन जिना चढू-उतरू नका. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही.

विणकाम कसे सुरू ठेवायचे?

दुखणे तीव्र असेल तेव्हा एक-दोन आठवडे सुया बाजूला ठेवा. नंतर १५ ते २० मिनिटे विणायचे आणि ५ मिनिटे हात मोकळे सोडायचे. विणण्यात वेळ कळत नाही, म्हणून गजर लावा. बाळ झोपले की "तेवढ्यात पाठ पुरी करून टाकू" हा मोह होतो. ती झोप हाताच्याही विश्रांतीची वेळ आहे, हे लक्षात ठेवा.

लांब, जड धातूच्या सुयांपेक्षा हलक्या बांबूच्या सुया बऱ्या. दोन टोकांच्या मध्ये लवचिक दोर असलेली सुई मिळाली तर विणलेल्या भागाचे वजन मांडीवर राहते. टाके फार घट्ट घालू नका. कोपर उशीवर टेकवा. थंडीत सकाळी बोटे आखडलेली असतात. कोमट पाण्यात हात शेकून मग बसा.

बाळाच्या सुरक्षिततेसाठीही काही गोष्टी पाळा. सुया, क्रोशाची सुई आणि कात्री वापरून झाल्यावर उंच कपाटात ठेवा. टोपी-स्वेटरला गळ्याभोवती बांधायचे बंद लावू नका आणि सहज तुटतील अशी बटणे टाळा. हातमोजे-पायमोजे आतून उलटून पाहा. सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळ विनाकारण रडत असेल तर मोजे काढून बोटे तपासा.

वाचताना

पुस्तक हातात धरण्याऐवजी पोथी ठेवायच्या घडीच्या लाकडी स्टँडवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवा. उजेड मागून, खांद्यावरून येऊ द्या. मोबाईल टेकवून ठेवा आणि तर्जनीने सरकवा. अक्षर धूसर दिसत असेल तर आपण नकळत पुस्तक घट्ट धरतो आणि मान वाकवतो. चष्म्याचा नंबर बऱ्याच दिवसांत तपासला नसेल तर तपासून घ्या. मोतीबिंदूही तेव्हाच कळेल.

वाचताना बाळाला मांडीवर घेऊन मोठ्याने वाचले तरी चालते. शब्द कळत नसले तरी तुमचा आवाज ऐकणे त्याच्या भाषेसाठी चांगले असते.

दिवसाची वाटणी अशी करून पाहा

बाळाच्या पहिल्या झोपेत विणकाम, दुसऱ्या झोपेत टेकवलेल्या पुस्तकाचे वाचन आणि अंघोळ, मालिश किंवा स्वयंपाकानंतरचा अर्धा तास हाताला पूर्ण सुट्टी. अंगठ्याची दोन कामे लागोपाठ येऊ द्यायची नाहीत, एवढेच यातले सूत्र.

उपचार कोणते?

पहिला उपाय म्हणजे अंगठा आणि मनगट दोन्ही स्थिर ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट. नुसता मनगटाचा पट्टा पुरत नाही, अंगठाही त्यात हवा. साधारण ३ ते ६ आठवडे तो वापरायला सांगतात. कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा लावता येतो. वेदनाशामक जेल लावले तर बाळाला घेण्याआधी हात धुवा, कारण बाळ तुमची बोटे तोंडात घालते.

वेदनेच्या गोळ्या मेडिकल स्टोअरमधून परस्पर घेऊ नका. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, पित्ताचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर त्या धोकादायक ठरू शकतात.

एवढ्याने बरे वाटले नाही तर त्या बोगद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. बहुतेकांना त्याने चांगला आराम पडतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून आधी सांगा आणि साखर तपासत राहा. इंजेक्शनच्या जागी त्वचेचा रंग थोडा फिका पडू शकतो. तरीही त्रास राहिला तर तेवढाच भाग बधिर करून छोटी शस्त्रक्रिया करतात. ती वेळ फार थोड्यांवर येते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवडे काळजी घेऊनही दुखणे कमी होत नसेल, बोटांना बधिरपणा असेल किंवा पकड कमजोर झाली असेल तर तपासून घ्या. सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. पुढे कामठीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नागपुरात मेडिकल आणि मेयोचा अस्थिरोग विभाग आहे.

पडल्यानंतर मनगट दुखत असेल, किंवा सूज, लाली आणि ताप एकत्र असेल, तर त्याच दिवशी जा. हातदुखीबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, अथवा एक हात अचानक लुळा पडून बोलणे अडखळत असेल, तर लगेच १०८ ला फोन करा.

घरच्यांसाठी

आपण दुखते म्हटले तर सुनेची नोकरी अडेल, म्हणून अनेक आजी गप्प बसतात. त्यांना दुखते का, हे तुम्हीच विचारा. सकाळी निघण्याआधी बाळाची अंघोळ उरकता येईल का, आजोबांना बाळ उचलायला शिकवता येईल का, रविवार आजीला मोकळा देता येईल का, ते बसून ठरवा. घरकामाला येणाऱ्या बाईंकडे दुपटी देता आली तरी मोठा भार हलका होतो.

"विणणे सोडा, वाचणे सोडा" असे सांगणे सोपे असते. पण ही दोन कामे आजीची स्वतःची आहेत. दिवसभर दुसऱ्यासाठी राबणाऱ्या माणसाला मनाने ताजे राहायला ती लागतात. कमी करायचेच असेल तर आधी उचलणे आणि पिळणे कमी करा.