खिल्लार गोवंश

खिल्लार (अथवा खिल्लारी) हा महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील शेतीकाम आणि ओढकामासाठी प्रसिद्ध असलेला देशी गोवंश आहे. सोलापूर, सांगली, सातारा व कोल्हापूर हे जिल्हे त्याचे मुख्य क्षेत्र मानले जातात. खानदेशात त्याचा 'तापी खिल्लार' हा प्रकार विकसित झाला.

नाव

'खिल्लार' म्हणजे गुरांचा कळप व 'खिल्लारी' म्हणजे कळप राखणारा. खानदेशातील सातपुड्याच्या परिसरात गुरे पाळणाऱ्या व्यावसायिक समाजाला 'थिल्लारी' म्हणत. त्यावरून तेथील जनावरांनाही तेच नाव मिळाले.

उगम

या वंशाच्या उत्पत्तीची लेखी नोंद उपलब्ध नाही. लांब, मागे वळलेली शिंगे, अरुंद चेहरा व चपळ बांधा या साम्यांमुळे म्हैसूर भागातील हळ्ळीकार गोवंशाशी त्याचे नाते जोडले जाते. अवर्षणप्रवण माणदेशात कमी चाऱ्यावर तग धरणारी आणि वेगाने चालणारी जनावरे पैदाशीसाठी निवडली गेली. कळपातील उत्तम खोंड वळू म्हणून राखून ठेवणे व उरलेले विकणे, ही पशुपालकांची पद्धत होती. वंशावळीची नोंदवही नसतानाही या निवडीमुळे गुण पिढ्यानपिढ्या टिकले.

प्रकार

* आटपाडी (हणम) खिल्लार – पूर्वीच्या औंध संस्थानातील आटपाडी महाल, रंग करडा-पांढरा.
* म्हसवड खिल्लार – सोलापूर व सातारा परिसर.
* तापी खिल्लार – पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे धुळे व नंदुरबार जिल्हे. रंग पांढरा, नाक व खूर गाजरी छटेचे.
* नकली खिल्लार – लगतच्या भागांत झालेला मिश्र प्रकार. करड्या रंगावर विटकरी झाक.

वैशिष्ट्ये

नवजात वासराच्या माथ्यावर तांबूस रंग असतो; तो साधारण दोन महिन्यांत नाहीसा होतो. बैल तापट, काटक व वेगवान असतात. गाई दूध कमी देतात, त्यामुळे या वंशाचे मोल प्रामुख्याने बैलांवर ठरत आले. तापी-पूर्णा खोऱ्यातील बोदवड, मुक्ताईनगर यांसारख्या कापूसपट्ट्यात नांगरणी, वखरणी, कोळपणी व मालवाहतूक बैलजोडीवरच चालत असे. अशा प्रदेशात ओढकामाच्या जातिवंत बैलांना मोठे महत्त्व होते.

सद्यस्थिती

ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे बैलांची मागणी घटली. दुधासाठी जर्सी व होल्स्टीन फ्रिजियन यांच्याशी झालेल्या संकरामुळे शुद्ध वंशाच्या गाईंचे पैदाशीतील स्थान कमी झाले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शर्यतीच्या बैलांची बाजारपेठही संकुचित झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रात अटींसह शर्यतींना परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला.

शर्यतींमुळे वेगवान खोंडांना पुन्हा किंमत मिळू लागली, असे समर्थक मानतात; प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेच्या मुद्द्यावर विरोधकांचा आक्षेप आहे. मात्र केवळ वेगासाठी केलेल्या निवडीने शेतीकामाला लागणारी सोशिकता टिकेलच असे नाही. शिवाय एखाद्या प्रकारात निवडक वळूंचाच वापर झाल्यास जवळच्या नात्यातील पैदास वाढते. त्यामुळे प्रत्येक प्रकाराचे वळू वेगळे राखणे व त्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणे संवर्धनासाठी आवश्यक ठरते.