गुडघा मिळाला, पाट गेला

मराठी भाषेने गुडघ्याची फारशी कदर केलेली नाही. अक्कल कमी असली की ती गुडघ्यात, लग्नाची घाई झाली की बाशिंग गुडघ्याला, आणि हार पत्करली की गुडघे टेकले! वर्गात हे वाक्प्रचार आले की मुले हसतात. आमच्या घरी मात्र चार वर्षे या विषयावर कोणी हसत नव्हते. आईचे दोन्ही गुडघे झिजले होते.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासते, आणि गेलेली कूर्चा काही परत येत नाही. वय आणि वजन ही कारणे आहेतच. पण वर्षानुवर्षे उकिडवे बसणेही त्यात धरतात. आईने प्रवराकाठच्या वावरात खुरपणी केली ती काय खुर्चीत बसून? शेवटी शेवटी ती रात्री उठून बसे. संगमनेरचा बाजार दोन गल्ल्यांवर, पण तोही परमुलूख झाला.

तेल, लेप, पट्टे, गोळ्या सगळे झाले. शस्त्रक्रियेला ती तयार झाली ती डॉक्टरांच्या सांगण्याने नव्हे, वाजपेयींच्या नावाने! पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत इंदूरला शिकलेले आणि न्यूयॉर्कला नाव काढलेले. जुलैच्या मध्यात वाजपेयी आग्र्याला मुशर्रफांशी बोलणी करीत होते. "एवढा मोठा माणूस भ्याला नाही, मग मी कशाला?" आई म्हणाली.

पैशांचा प्रश्न होताच. पण ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली. सरासरी दीड लाखाच्या वर पडणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा, कर सोडून, ५४,७२० रुपयांवर आला. आमच्यासारख्या पगारदाराला तो फरक कळतो.

नाशिकला एक गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले. पहिले सहा आठवडे वाईट! गुडघा वाकवण्याच्या व्यायामाच्या वेळी आई जे बोले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. पण तिसऱ्या महिन्यात ती रात्रभर झोपली, आणि आमच्या घरात ती मोठी बातमी ठरली.

पुढे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक प्रश्नावली भरून घेतली. वोमॅक तिचे नाव, जन्म कॅनडातला. जिना उतरताना त्रास होतो का? मोटारीत बसताना? मोजे घालताना?

"मोजे?" आईने उभ्या जन्मात मोजे घातलेले नाहीत. "पाटावर बसता येतं का, हे का नाही विचारत?"

प्रश्न रास्त होता. जिन्याला गुडघा ९०–१०० अंश वाकला तरी भागते. उकिडवे बसायला १३०च्या वर लागतो. बदललेला गुडघा साधारण ११०–१२० पर्यंत वाकतो, आणि जमिनीवर बसणे टाळा असे डॉक्टर बजावतात. शस्त्रक्रियेनंतर शंभरातले ऐंशीएक लोक समाधानी असतात, असे अभ्यास सांगतात. आई त्या ऐंशींतली की विसांतली, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ती बाजारात जाते, भाजीवाल्याशी घासाघीस करून येते. पण पंगतीत बसत नाही. लोक खाली आणि आपण खुर्चीवर, हे तिला मानवत नाही. गावाकडच्या लग्नाला जायचे तर कमोड आहे का, याची आधी चौकशी होते.

यंदा लक्ष्मीपूजनाचा चौरंग आम्ही टेबलावर मांडणार आहोत. बायकोची कल्पना. आईने दोन दिवस अबोला धरला, मग टेबलाला कोणते कापड घालायचे ते स्वतःच सांगितले. रांगोळी मात्र नातीच्या हाती गेली आहे, आणि आई खुर्चीतून ठिपके चुकल्याचे सांगत असते.

दुसऱ्या गुडघ्याचे काय, असे मी परवा विचारले.

"दिवाळी होऊ दे," ती म्हणाली. "आधी चकलीची भाजणी दळून आण."