गुहेतील वाघूळखताचे माप कसे काढावे?



गटातल्या एका शेतकऱ्याने परवा विचारले, "साहेब, डोंगरातल्या गुहेत वाघळाच्या लेंडीचा ढीग लागलाय. व्यापारी उक्ता सौदा करतोय. माल भरेल किती?" अशा वेळी नजरेचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून मापाची रीत देत आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

१) साठा : ढिगाची लांबी-रुंदी टेपने घ्यावी. दर मीटरवर खुणा केलेली लोखंडी सळई तळ लागेपर्यंत खुपसून खोली लिहावी. मध्येच दगडाला अडली तर शेजारी पुन्हा पाहावे. समजा, लांबी १० मीटर, रुंदी ४ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर. म्हणजे ६ घनमीटर. मग १० लिटरचा डबा भरून तोलावा. निव्वळ माल ४ किलो भरला, तर घनमीटरला ४०० किलो, एकूण २,४०० किलो.

२) ओल : चार-पाच जागचा, वरचा व खालचा नमुना एकत्र करून त्यातला एक किलो, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावा. ६०० ग्रॅम उरला, तर कोरडा माल १,४४० किलोच. बाकीचे पाणी!

३) नवी भर : वाघळे लटकतात त्याखाली चौरस मीटरचे प्लॅस्टिक कागद तीन-चार जागी अंथरावेत. ३० दिवसांनी लेंडी वाळवून तोलावी. कागदामागे २०० ग्रॅम पडली, तर ४० चौरस मीटरला महिन्याला ८ किलो. ऋतूप्रमाणे वाघळे कमी-जास्त होतात, म्हणून हे माप वर्षातून तीन-चार वेळा घ्यावे.

आता हिशेब करा. १,४४० किलो साठायला १८० महिने, म्हणजे १५ वर्षे लागली. कुजून झालेली घट धरली तर जास्तच. व्यापारी मागतो ते व्याज नव्हे, मुद्दल आहे.

ताज्या लेंडीत नत्र जास्त. जुन्या थरात नत्र उडून स्फुरद मागे राहते. तेव्हा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दर ठरवू नये.

लेंडीच्या धुळीत फुफ्फुसाचा आजार करणारी बुरशी असू शकते. नुसते उपरणे बांधून भागत नाही, चांगला मास्क लावावा. पिलांच्या दिवसांत तर आत पाऊलच टाकू नये. गुहा वनहद्दीत असेल तर वनखात्याची परवानगी आधी. खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेतले रॉटनचे वटवाघूळ १९१३ साली शास्त्रात नोंदले गेले. पुढे कित्येक वर्षे जगात त्याचे तेवढेच घर माहीत होते. अशी घरे दिवट्या-कुदळींनी उठवली तर परत भरत नाहीत.

आणि रात्री शेतावरचे पतंग-भुंगेरे टिपणारी हीच वाघळे, हे विसरू नका.

— ऊस विकास अधिकारी