तिसऱ्या रांगेचा हिशेब

पहाटे 5.30
गाडीला हात लावण्याआधी किमतीचा तक्ता वाचायचा, ही माझी परीक्षणाच्या दिवसाची पहिली शिस्त. आज दारात इनोव्हा हायक्रॉस उभी आहे, हायब्रिड, अगदी टॉप मॉडेल. क्वालिसच्या जागी 2005 साली इनोव्हा आली आणि मोठ्या कुटुंबांची ठरलेली गाडी झाली. हायक्रॉस 2022च्या अखेरीस आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 18.30 लाखांपासून 28.97 लाखांपर्यंत होती. नाव एकच, बांधणी तीच, आणि मध्ये साडेदहा लाखांहून जास्त अंतर. या अंतरात घरातल्या कोणाला काय मिळतं, हे मला संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे. वाचक आयुष्याची शिल्लक घेऊन शोरूमची पायरी चढतो, त्यामुळे "छान आहे" एवढं लिहून भागत नाही.

सकाळी 6.30
शेजारचं सहा जणांचं कुटुंब खाली आलं: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. आजींना मी मुद्दाम मागच्या रांगेत बसायची विनंती केली. त्या दारापाशी थांबल्या. "इथं धरायला काय आहे गं?" मी वरचं हँडल दाखवलं. एक पाय आत, मग कंबर वाकवून दुसरा. जुन्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा हे चढणं सोपं गेलं, कारण ती गाडी लॅडर फ्रेमवरची आणि मागच्या चाकांवर चालणारी. हायक्रॉस मोनोकॉक बांधणीची आणि पुढच्या चाकांवर चालणारी असल्याने तळ खाली आणि सपाट ठेवता आला. ही सुधारणा सगळ्या मॉडेल्समध्ये मिळते, तिचे जादा पैसे पडत नाहीत.

मग मधल्या रांगेतल्या मुलाला म्हटलं, सीट पूर्ण मागे घ्या आणि पाय ठेवायची पट्टी वर करा. टॉप मॉडेलची मिरवायची सोय हीच. तो आरामात पसरला आणि मागून लगेच आवाज आला, "अरे, माझे गुडघे टेकले!" सात जण बसलेले असताना ही सोय वापरता येत नाही. ती चौघांच्या गाडीची सोय आहे.

सकाळी 7.00
डिकी. सगळ्या सीट उभ्या असताना दोन ट्रॉली बॅगा आणि खाऊची पिशवी बसली. या बाबतीत गाड्या-गाड्यांत मोठा फरक पडतो. सातही सीट उभ्या ठेवल्यावर अर्टिगात 209 लिटर जागा उरते, ट्रायबरमध्ये फक्त 84. सात सीटर घेताना सातांचं सामान कुठे जाणार, हे विचारायलाच हवं.

सकाळी 9.00
खंबाटकीचा घाट. गाडी भरलेली, चढ उभा. हायब्रिड यंत्रणा ओढते छान, पण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो. हायवेवर पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल नीट चालला. टोल नाक्याच्या अलीकडे समोरची गाडी अचानक मंदावली, तेव्हा मी ब्रेकवर पाय नेण्याआधीच वेग उतरू लागला होता. ही सोय लांबच्या प्रवासात रोज कामाला येते. सनरूफखाली मुलं थोडा वेळ रमली, मग ऊन लागतं म्हणून पडदा ओढून घेतला.

सकाळी 11.15
पसरणी घाटात वळणावळणावर मागच्या रांगेची खरी परीक्षा. आजींच्या डोक्याजवळ एसीचा झोत येतो का, मान टेकायला आधार आहे का, खिडकीतून बाहेर दिसतं का? तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला. पाचगणीत उतरल्यावर त्या म्हणाल्या, "मळमळलं नाही बाई." माझ्या वहीत या वाक्याला पूर्ण गुण आहेत.

दुपारी 1.30
जेवणानंतर आकडेमोड. गाडी आली त्या वेळच्या किमती धरल्या, तर साध्या पेट्रोलचं जीएक्स 19.15 लाखांना आणि हायब्रिडचं पहिलं मॉडेल व्हीएक्स 24.01 लाखांना होतं. फरक 4.86 लाख. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला 10 ते 20 लाखांत 12 टक्के आणि 20 लाखांवर 13 टक्के रस्ता कर धरला, तर करातला फरक आणखी सुमारे 82 हजार. म्हणजे पावणेसहा लाखांच्या आसपास.

परतावा काय? कंपनीचा आकडा पेट्रोलसाठी लिटरला 16.13 किलोमीटर, हायब्रिडसाठी 23.24. वर्षाला 15 हजार किलोमीटर आणि 105 रुपये लिटर धरलं, तर बचत साधारण 30 हजार. निव्वळ इंधनातून पैसे फिटायला एकोणीस वर्षं लागतील. तीच गाडी वर्षाला 40 हजार किलोमीटर धावली, तर सात वर्षं. व्हीएक्समध्ये इतर सोयीही वाढतात हे खरं, पण "हायब्रिड म्हणजे पैसे वाचतात" हे वाक्य प्रत्येक घराला लागू पडत नाही.

संध्याकाळी 5.30
परतीच्या वाटेवर मुलाने विचारलं, "ताई, मग लहान सात सीटर घेतली तर?" त्याला कराची मेख सांगितली. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीला 40 टक्के. ट्रायबर स्वस्त वाटते त्यामागे हेही कारण आहे. वर्षातून मोजक्या वेळाच सातजण प्रवास करणार असतील, तर तोही शहाणपणाचा निर्णय ठरतो.

रात्री 9.00
परीक्षण लिहायला बसले. हायक्रॉसला 2025 मध्ये भारत एनकॅप या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले, त्याबद्दल मनापासून कौतुक. पण ही गाडी आली तेव्हा आपोआप ब्रेक लावणारी, लेन राखणारी यंत्रणा फक्त सर्वांत महागड्या मॉडेलला दिली होती, आणि हे मला पटत नाही. खालचं मॉडेल घेणाऱ्या घरातही आजी आणि नातवंडंच बसतात. त्यांना मऊ सीट नसली तरी चालेल, अपघात टाळणारी यंत्रणा मात्र हवी.

म्हणून निकाल असा लिहिला: सणासुदीला आणि सुटीत सात जण फिरणाऱ्या कुटुंबाला पेट्रोलचं जीएक्स पुरेसं आहे. रोज शहरात बरंच धावणाऱ्याने हायब्रिडचे पैसे मोजावेत. पाय पसरायची पट्टी आणि सनरूफ यांसाठी कर्जाचे हप्ते वाढवू नयेत. आणि शोरूममध्ये जाताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्यावं, मागच्या रांगेत बसवावं, आणि त्यांचं मत ऐकल्याशिवाय बुकिंगचा चेक लिहू नये.