आषाढातला पाक

पातेल्यातलं पाणी उकळलं की मला हाक मार, चिमे. तोवर सगळे इकडे चुलीजवळ सरकून बसा. पाऊस थांबायची वाट बघाल तर गणपतीपर्यंत पडवीतच बसाल. हा महाबळेश्वरचा डोंगर आहे, पोरांनो. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. सगळा साठवला तर दुमजली घर बुडेल.

आणि साखरेच्या डब्याकडे बघू नका. ही साखर परड्यातल्या पाच पेट्यांसाठी आहे.

"माश्यांना साखर? आबा, त्याच तर आपल्याला मध देतात!" थोरला म्हणाला.

बरोबर विचारलंस. तिथूनच सुरू करू.

मे महिन्यात तुम्ही आला होता, आठवतं? जांभळीखाली उभं राहिलं की डोक्यावर नुसता गुणगुणाट ऐकू यायचा. उन्हाळाभर या डोंगरावर माश्यांची दिवाळी असते. गेळा फुलतो, हिरडा फुलतो आणि जांभळीचा बहर आला की सातेरीला उसंत म्हणून नसते. सातेरी म्हणजे आपल्या पेटीतली माशी. कड्याला मोठ्ठं उघडं पोळं लावते ती आग्या, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं बांधते ती फुलोरी. सातेरीला मात्र अंधारी जागा लागते. झाडाची ढोली, भिंतीतली कपार, नाहीतर आपण दिलेली पेटी. तुम्ही पोळीशी खाल्लात तो काळसर, किंचित कडवट मध जांभळाचा होता. एक माशी जन्मभर राबली तरी तिच्या एकटीच्या कष्टाचा पाव चमचासुद्धा मध होत नाही. आणि आपण बरणी भरून घेतली.

मग मृग लागला आणि डोंगराने दार लावून घेतलं.

पावसाच्या धारेत माशी उडू शकत नाही. एक मोठा थेंब अंगावर पडला तरी ती जमिनीवर येते. उघडीप मिळून बाहेर गेलीच, तर फुलं कुठे आहेत? असली तरी त्यांतला मधुरस पावसाने धुऊन नेलेला, पराग वाहून गेलेला. असे तीन महिने काढायचे.

"झोपून राहायचं मग," चिमी म्हणाली.

नाही गं बाई, झोपता येत नाही. पोळ्याच्या मधल्या भागात अंडी असतात, अळ्या असतात. त्याला आम्ही पिलावा म्हणतो. त्या पिलाव्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. बाहेर धुकं, अंगावर काटा आणणारा वारा, आणि आत सतत तेवढी ऊब हवी. ती येते कुठून? कामकरी माश्या पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात. थंडीत आपण कुडकुडतो ना, तसंच. त्या कुडकुडण्यातून उष्णता निघते आणि त्या शेगडीचं जळण म्हणजे मध. मध संपला की पोट रिकामं राहतं आणि पाळण्यातली ऊबही विझते.

आता यातली मला सगळ्यात थोर वाटणारी गोष्ट ऐका. पेटीत चार चमचे मध उरला असेल आणि माश्या दहा हजार असतील, तर कोण खातं?

"राणी!" "जी आधी पोचेल ती!"

दोघंही चुकलात. माशी बाहेरून जे आणते ते पोटातल्या वेगळ्या पिशवीत असतं. ती तोंड उघडते, समोरची आपली जीभ पुढे करते आणि थेंब एकीकडून दुसरीकडे जातो. दुसरीकडून तिसरीकडे. तास-दोन तासांत एका माशीने आणलेला घास कितीतरी जणींच्या पोटात पोचलेला असतो. त्यामुळे एक भरल्या पोटी आणि दुसरी उपाशी असं पेटीत होत नाही. सगळ्या अर्धपोटी राहतात आणि अन्न अगदीच संपलं तर जवळजवळ सगळ्या बरोबरच जातात. मी ते दृश्य एकदा पाहिलंय. रिकाम्या घरांत डोकी खुपसून माश्या तशाच राहिल्या होत्या, तळाशी कणभर मिळेल म्हणून. परत बघायची माझी तयारी नाही.

तेवढी वेळ येण्याआधी सातेरी बहुधा घरच सोडते. राणी अंडी घालायची थांबते, माश्या उरलासुरला मध पोटात भरून घेतात आणि एक दिवस उघडीप बघून सगळा संसार उठतो. आग्या तर पावसाआधीच पोळं सोडून कोरड्या मुलखाकडे निघून जाते, तिची ती रीतच आहे. पण सातेरी भर पावसात निघाली तर जाणार कुठे? म्हणून मी सकाळी पेट्यांमागे जाऊन काय करतो, ते तुम्हाला आता कळेल. पेटी मागून बोटभर उचलून बघतो. पावसात झाकण उघडून ऊब घालवायची नाही, नुसत्या वजनावरून आतली गोष्ट कळते. काल दोन पेट्या हाताला रिकाम्या खोक्यासारख्या लागल्या.

"आबा, पाणी उकळलं!"

उतरव खाली. फडक्याने धर. आता एक लिटर पाण्यात एक किलो साखर घाल आणि ढवळत राहा. साखर घातल्यावर पुन्हा चुलीवर ठेवायचं नाही. साखर करपली की त्यात माश्यांना बाधणारी द्रव्यं तयार होतात. पेटीमागे आठवड्याला दोनशे ग्रॅम साखर. पाच पेट्या, हिशेब झाला किलोचा. थंड देशांत हिवाळ्याआधी पाण्याच्या दुप्पट साखर घालून दाट पाक देतात, कारण तिथे माश्यांना तो महिनोन्‌महिने साठवायचा असतो. आपल्याला रोजच्या पोटापुरता द्यायचा, म्हणून समसमान.

"गूळ का नाही? गूळ तर चांगला असतो."

तुला चांगला. माशीच्या आतड्याला गुळातली मळी पचत नाही, तिला हगवण लागते. आणि माशी तर घरात घाण करत नाही, बाहेर उडून जाते. पावसात ते जमलं नाही की पेटीत रोगराई. दुसऱ्याच्या पोळ्यातला मधही द्यायचा नाही, त्यातून आजार येतो. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाय सॅकब्रूड नावाच्या विषाणूने सातेरीच्या अळ्या मेल्या आणि पेट्याच्या पेट्या ओस पडल्या. पांढरी साखर तेवढी निर्धोक.

आता ही साखर माशीच्या पोटात गेली की काय होतं बघा. साखरेचा प्रत्येक कण म्हणजे हातात हात घातलेली जोडी आहे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. माशीच्या लाळेत एक पाचक रस असतो, तो या जोडीचे हात सोडवतो. मग पंखांनी वारा घालून ती पाणी उडवते. फुलातल्या रसाचंही ती हेच करते.

"मग पाकाचाही मधच झाला की!" थोरल्याने मला पकडलंच.

नाही झाला. दिसेल मधासारखा, पण त्यात जांभूळ कुठे आहे? हिरडा कुठे आहे? फुलाचा वास नाही, परागाचा कण नाही. तो माश्यांचा आपत्काळचा शिधा आहे, माणसाच्या बरणीत जायचा नाही. म्हणूनच पावसाआधी आपण पेटीतली वरची मधकोठी, म्हणजे मध साठवायचा कप्पा, काढून ठेवतो आणि फुलांचा हंगाम सुरू झाला की पाक बंद करतो. हंगामात पाक पाजून तोच मध म्हणून विकणाऱ्याला मी मधपाळ म्हणत नाही. आपला तालुका मधावर उभा आहे, रे. मांघर गावाला २०२२ साली मधाचं गाव म्हणून मान मिळाला, तो तिथल्या पिढ्यांच्या कष्टाचा आहे. त्याला एका बाटलीनेही बट्टा लागता कामा नये.

पाक निवू दे. द्यायचा दिवे लागणीला. का, ते ऐका. माझ्याकडे पहिल्या वर्षी दोनच पेट्या होत्या, एक भरभक्कम आणि एक दुबळी. आषाढात चांगली उघडीप पडली म्हणून मी भर दुपारी पाक घेऊन गेलो. वाटीतून थोडा दुबळ्या पेटीच्या दाराशी सांडला. मला वाटलं, चाटतील. अर्ध्या तासात दाराशी गर्दी झाली. म्हटलं, वा, माश्या खुशीत आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर मारामारी. शेजारच्या माश्या आत घुसत होत्या, राखणदार माश्या त्यांना धरून लोळत होत्या. याला लूटमार म्हणतात. संध्याकाळपर्यंत दुबळी पेटी लुटली गेली, फळीवर मेलेल्या माश्यांचा सडा. मी माझ्या हाताने चारायला गेलो आणि माझ्याच हाताने ती वसाहत घालवली.

असं का झालं, ते मला पुढे एका शास्त्रज्ञाबद्दल वाचल्यावर उमगलं. कार्ल फॉन फ्रिश हे त्यांचं नाव. शंभरेक वर्षांपूर्वी ते हाच साखरेचा पाक बशीत घालून बागेत ठेवायचे, येणाऱ्या माश्यांना रंगाचे ठिपके लावायचे आणि काचेच्या पेटीत त्या घरी जाऊन काय करतात ते बघत बसायचे. जवळ खाऊ सापडलेली माशी पोळ्यावर गोल गोल नाचते. लांबचा असेल तर शेपूट हलवत असा नाच करते की त्यातून दिशा कळते आणि अंतरही. या कामासाठी १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. आता माझी दुपार आठवा. भक्कम पेटीतल्या माश्यांना पाक मिळाला, त्या गोल नाचल्या. त्या नाचाचा अर्थ एवढाच, ‘इथेच जवळ गोड काहीतरी आहे, शोधा!’ बहिणी बाहेर पडल्या. जवळ फुलं नव्हती, शेजारणीचं घर होतं.

अंधार पडला की माशी बाहेर जात नाही. नाचली तरी घरातच. सकाळपर्यंत पाक संपलेला, वासही गेलेला. म्हणून सांजेला, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी, थेंबही न सांडता. आणि दुबळ्या पेटीचं दार एक-दोन माश्या मावतील एवढंच ठेवायचं.

साखरेने शेगडी पेटती राहते, पण बाळं वाढत नाहीत. त्यांना पराग लागतो. पराग खाऊन दाई माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून दुधासारखं अन्न पाझरतं. प्रत्येक अळीला पहिले तीनेक दिवस ते मिळतं, नंतर पराग-मधाचं साधं जेवण. एखादीला मात्र शेवटपर्यंत दूधच मिळालं तर तीच राणी होते. अंडं तेच. कामकरी हंगामात सहा आठवडे जगते, राणी दोन-तीन वर्षं. नुसत्या भरवण्यातला फरक! पराग अगदीच आटला तर तेल काढलेल्या सोयाबीनचं पीठ पाकात मळून त्याची छोटी वडी पेटीतल्या चौकटींवर ठेवतात. फुलाची सर त्याला नाही, पण पिलावा तगतो.

चला, उजेड गेला. इरलं घे. बाटलीच्या झाकणाला मी खिळ्याने बारीक भोकं पाडलीत. उलटी केली की दोन थेंब गळतात आणि पाक आतच अडून राहतो, माशी जीभ लावेल तेवढाच उतरतो. वाटीत दिला असता तर वर काटक्या टाकाव्या लागल्या असत्या, नाहीतर बुडतात बिचाऱ्या. हळू. पेटीचं झाकण बोटभरच उचल. कान लाव. आधी बारीक आवाज होता ना? आता ऐक, चढला.

भाद्रपदात पोरं गणपतीला पुन्हा आली. त्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. चिमी परड्यातून धावत आली, हातात आदल्या संध्याकाळी ठेवलेली बाटली. "आबा, पाक तसाच आहे! आजारी पडल्या का?"

मी तिला पेटीच्या दाराशी घेऊन गेलो आणि बाजूला उकिडवा बसलो. एक माशी फळीवर उतरली, मग दुसरी, मग पाच-सहा एकदम. मागच्या पायांवर मोहरीएवढे पिवळेधमक गोळे होते. समोरच्या पठारावर सोनकी फुलली होती.